जावळाचं सूत

ऊन पडत नव्हतं, सगळी पंचाईत तिथनंच सुरू झाली.

पौष निम्मा सरला तरी लखनौच्या तेलीबागेवरचं धुकं हलायला तयार नव्हतं. सकाळी दार उघडावं तर समोरच्या घराचा जिना अर्ध्यातच संपलेला दिसायचा. दुपारी जरा पांढुरकं व्हायचं, भिंतीवर सावली पडते की काय असं वाटायचं, तोवर वरनं परत झाकण. रणजित फौजेत ड्रायव्हर. पहाटेची गाडी काढायची तर डोकं खिडकीबाहेर काढून रस्ता चाचपडत जायचा, आणि घरी यायचा तो मिशीवर दव घेऊन.

त्याच्या आईला, चंद्रप्रभाला, थंडीचं काही वाटत नव्हतं. माणदेशात उघड्यावर निजलेली बाई ती. तिला धास्ती होती कसरीची, लोकर खाणाऱ्या किडीची.

पलंगाखाली एक पत्र्याची पेटी होती आणि पेटीत सूत. काळं, मऊ, जावळाचं सूत. मेंढीच्या पिल्लाची पहिली कातरणी म्हणजे जावळ, तिच्यासारखी लोकर पुन्हा त्या मेंढराला येत नाही. चंद्रप्रभानं ते दोन हिवाळे बसून कातलं होतं. घर सनगराचं, पिढ्यानपिढ्या घोंगड्या विणणारं. बायांनी लोकर पिंजायची, सूत कातायचं, सुताला चिंचोक्याची खळ द्यायची. बाप्यांनी मागाच्या खड्ड्यात पाय सोडून विणायचं. नवरा, बाबुराव, उभा जन्म विणत राहिला आणि विकत राहिला. घरात अंगावर घ्यायला मात्र उरल्यासुरल्या राठ सुताची, जागोजाग जोडलेली. दरसाल म्हणायचा, पुढच्या साली जावळाची एक आपल्याला करू. दरसाल कोणीतरी गिऱ्हाईक दारात येऊन बसायचं आणि हिची घोंगडी त्याच्या खांद्यावर जायची.

शेवटी तिनंच सूत लपवून साठवलं, आणि पुरेसं झालं तेव्हा पेटी त्याच्यापुढं उघडून ठेवली. बाबुराव बघत राहिला. आखाड उतरला की उभे धागे ओढू, ताणा लावू म्हणाला. आखाड लागायच्या आतच गेला, झोपेत. रणजित येऊन आईला घेऊन लखनौला आला. मागनं धाकट्या दिरानं मागाचा खड्डा मुरूम टाकून बुजवला, वर फरशी बसवली आणि मोबाईल दुरुस्तीचं दुकान टाकलं.

म्हणजे सूत होतं. विणायला माणूस नव्हतं आणि माग नव्हता. आणि ह्या धुक्यात पेटीला ऊन दाखवता येत नव्हतं.

त्या दिवशी तिनं पेटी उघडली तर वरच्या लडीवर पीठ सांडल्यासारखं काहीतरी. बोटानं उचललं, धागा तुटला. दुसरा धरला, तोही. सुताला कसर लागली होती.

ती तशीच पेटीपुढं बसून राहिली. सुचित्रा, तिची सून, भाजीची पिशवी घेऊन आत आली. आधी तिला वास आला. मेंढराचा, ओला. त्या वासावरनं मागच्याच आठवड्यात वरच्या मजल्यावरच्या मालकीणबाई, मिश्रा आंटी, जिन्यात उभं राहून विचारून गेल्या होत्या, भेड़ पाली है क्या? सुचित्रा तेव्हा हसली होती आणि मग घरात येऊन भांडी आपटली होती.

"आत्या, परत काढलं?" ती म्हणाली. आणि सासूचं तोंड बघून पिशवी खाली ठेवली.

"कसर लागलीया," चंद्रप्रभा म्हणाली. "हिवाळा काढत न्हाई आता ह्ये सूत."

रणजितनं संध्याकाळी ऐकून घेतलं. गावाकडं दोन-तीन फोन केले. आता लोकं मिलच्या ब्लँकेटी घेतात, माग मोडून टाकलेत, असं तिकडनं सांगितलं. फोन ठेवून तो म्हणाला, आई, सुताचं काहीतरी करू, आणि टीव्ही लावला. काहीतरी म्हणजे काय, हे तिनं विचारलं नाही. बाबुराव त्याला दहावीपासून खड्ड्यात बसायला सांगत होता आणि हा भरतीला पळून गेला होता, तो विषय निघाला असता.

*

रविवारी सुचित्राच्या कॉलनीतल्या बायकांचं ठरलं होतं, बाजाराला जायचं. रायबरेली रोडला आत एका मैदानावर हिवाळ्यात कारागिरांचा बाजार भरतो. ग्रुपवर कोणीतरी टाकलं होतं, मॉल वगैरे बास, ह्या वेळी छोट्या लोकांकडनंच घ्यायचं, लोकलला सपोर्ट करायचा. सगळ्यांनी अंगठे दाखवले होते. सुचित्रानं सासूलाही बरोबर घेतलं. घरात बसून पेटीकडं बघत राहण्यापेक्षा बरं.

मैदानात गिऱ्हाईक कमी आणि धुकं जास्त. जुन्या शहरातल्या चौकातले चिकनकारीच्या कुर्त्यांवाले हात काखेत घालून बसलेले. मातीची भांडी, मुंज गवताच्या टोपल्या, लोणच्याच्या बरण्या, तिळगुळाच्या गजकच्या वड्यांची थाळी. बायका प्रत्येक दुकानापुढं थांबायच्या, वा वा म्हणायच्या, फोटो काढायच्या, आणि मग किती म्हणून विचारून निम्म्यावर यायच्या. एका टोपलीवालीनं सुचित्राच्या मैत्रिणीला विचारलं, दीदी, सपोर्ट करने आई हो कि गला काटने? मैत्रीण हसली आणि तरी निम्म्यालाच घेऊन आली.

चंद्रप्रभा मागं रेंगाळत होती. तिच्या कानावर काहीतरी पडलं. खट, मग धप. परत खट, धप. तिचे पाय आपसूक तिकडं वळले. सुचित्रा हाका मारत राहिली.

मैदानाच्या टोकाला, भिंतीकडेला, ताडपत्रीखाली जमिनीत खड्डा होता. खड्ड्यावर माग. खड्ड्यात कमरेइतकी बुडून एक बाई बसली होती. डोक्याला मफलर, त्यावर ओढणी. हात धोटा फेकत होते, फणी ठोकत होते, आणि खाली अंधारात तिचे पाय एकाआड एक पावड्या दाबत होते. लाल-निळी दरी, म्हणजे सतरंजी, हळूहळू पुढं सरकत होती.

चंद्रप्रभानं बाईला बाप्याच्या जागी बसलेलं जन्मात बघितलं नव्हतं. त्यांच्यात बाईनं मागाच्या खड्ड्यात पाय सोडायचा नाही. का, ते कुणी सांगितलं नव्हतं. लहानपणी एकदा खड्ड्यात पडलेली चिंधोटी काढायला उतरली होती तर आजीनं पाठीत धपाटा घातला होता आणि खड्ड्यात गोमूत्र शिंपडलं होतं. एवढंच ठाऊक.

"का देख रही हौ अम्मा?" बाईनं विचारलं. हात थांबले नाहीत.

चंद्रप्रभाला हिंदी समजायची, बोलताना मात्र तुकडे पडायचे. "तुम... खुद विणती?"

"और कौन बीनेगा? मरद तो आपके देस में हैं," चंद्रप्रभाच्या लुगड्याचा काष्टा बघून ती म्हणाली.

ती कनीज. सीतापूरकडची, दऱ्या विणणारी. कुणी आपा म्हणायचं, कुणी चाची. नवरा आणि दीर दोघंही भिवंडीला यंत्रमागावर. सहा महिन्यांनी येतात, घरात चार रोज झोपतात, जातात. माग ओस पडला म्हणून ही खड्ड्यात उतरली. सासरा आठ दिवस बोलला नाही, नववा दिवस उजाडला तेव्हा त्यानंच धोटा घासून दिला. हे सगळं तिनं विणता विणता सांगितलं. भिवंडी कशी आहे हो, असं तिनं विचारलं. चंद्रप्रभा भिवंडीला कधीच गेली नव्हती. तरी ती म्हणाली, "चांगला है. बहुत लोग है."

मग चंद्रप्रभानं कमरेच्या पिशवीतनं सुताची लडी काढली. बाजाराला येताना ती का बरोबर घेतली होती, तिलाही सांगता आलं नसतं. कनीजनं धोटा खाली ठेवला. लडी गालाला लावून बघितली. बोटांत पिळली, उलगडली.

"ई किसने काता?"

"मैंने."

कनीजनं लडी परत तिच्या हातात दिली. मग म्हणाली, बाजार उठेपर्यंत मी इथं आहे. ही दरी उतरली की माग रिकामा. ताणा तू करून आण, खळ देऊन, वाळवून. मी चढवते, मी विणते. तोवर रोज येऊन धोट्यात घालायच्या माझ्या कांड्यांवर सूत भरायचं, माझे हात थंडीनं सुजतात.

 चंद्रप्रभानं मान हलवली, दोनदा, तीनदा. सुचित्रा धावत आली तेव्हा सासू परक्या बाईच्या ताडपत्रीखाली बसून कांडी भरायला लागलीही होती. हात असे फिरत होते, जसं कुणी मधे थांबवलंच नव्हतं.

*

पुढचे दिवस घरात धांदल झाली. चंद्रप्रभा पहाटे उठायची, सगळ्यांच्या आधी. कसर लागलेलं सूत निवडून बाजूला काढलं, ते चौथाई गेलं. बाकीचं उलगडलं. गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या पाइपापासून कठड्यापर्यंत तिनं ताणा लावला. धागा धरून जायची, वळायची, यायची. धुक्यात तिकडच्या टोकाला पोचली की इकडनं दिसायची नाही, नुसती चपला ओढत गेल्याचा आवाज.

खळीला चिंचोके लागतात. ते तेलीबागेत कुठं मिळाले नाहीत. रणजित चौकातल्या एका जडीबुटीवाल्याकडनं पिशवीभर घेऊन आला, त्यानं म्हणे विचारलं होतं, साहब, गुडघेदुखी आहे का? चिंचोके भाजले, सोलले, आणि सुचित्रा कामात आहे बघून चंद्रप्रभानं ते मिक्सरला लावले. मिक्सरनं एकदा गुर्र केलं आणि धूर सोडला. सुचित्रा आतनं आली. चंद्रप्रभा भांडं धरून उभी राहिली, चोरी सापडल्यासारखी.

सुचित्रानं मिक्सरचं बटण बंद केलं. तिनं शेजारच्या पंजाबी बाईकडनं खलबत्ता मागून आणला आणि दाणकन पुढ्यात ठेवला. थोड्या वेळानं स्वतःच कुटायला बसली.

खळ शिजली. घट्ट, चिकट, पिवळसर. चंद्रप्रभा बादली घेऊन वर गेली, कुंचा बुडवला आणि ताण्यावर फिरवायला लागली. सरळ, लांब हात मारून. तिला वाटलं होतं, हे तरी आपल्याला येतं. लग्न झाल्यापासनं हेच केलंय. गावाकडं सकाळी खळ दिली की दुपारच्याला धागा कसा तारेवाणी टणक व्हायचा, बोटानं छेडला की टंग करायचा. हात तसाच चालला. सवयीचं माप, सवयीचा जाडसर थर, एका दमात सगळा ताणा.

पण वर ऊन नव्हतं. हे तिला दिसत होतं आणि तरी हाताला कळलं नाही.

संध्याकाळी हात लावून बघितला, ओलंच. दुसऱ्या दिवशीही. धुकं उलट त्या खळीवर येऊन बसत होतं, थेंब धरत होतं. तिसऱ्या दिवशी गच्चीवर आंबूस घाण सुटली. शिळ्या पेजेसारखी. मिश्रा आंटींनी जिन्यातनं ओरडून विचारलं की वर कुणी काही मरून पडलंय का.

मग घरात जे सुरू झालं ते बघण्यासारखं होतं. रणजितनं रूम हीटर गच्चीवर नेला, लांब वायर लावून. सुचित्रानं केस वाळवायचं मशीन आणलं आणि एक-एक हात ताणा वाळवत चालली, तिची मान मोडून आली. शिवांगी, त्यांची कॉलेजातली मुलगी, कानटोपी घालून वर आली, दादी, ये तो फंगस है यार, म्हणाली, आणि फोनच्या उजेडात कुठं कुठं बुरशी आलीय ते दाखवत बसली. हीटरनं जिथं वाळलं तिथं धागे एकमेकांना असे चिकटले की सोडवायला गेलं तर तुटत होते. जिथं नाही वाळलं तिथं हिरवट काळे ठिपके.

चंद्रप्रभा खाली बसली. गच्चीच्या ओल्या फरशीवर.

"आई, उठ. थंडी लागेल," रणजित म्हणाला.

"आजवर माझी खळ कधी आंबली न्हाई," ती म्हणाली. "त्येनं कधी नाव ठेवलं न्हाई माझ्या खळीला."

 मग सुचित्रानंच जिथनं सूत चांगलं होतं तेवढ्या धाग्यांना दोरी बांधायला सुरुवात केली. वाईट सगळं कापून टाकलं. निम्म्याहून जास्त गेलं. उरलं ते कोमट पाण्यातनं काढून घरात, स्वयंपाकघरात, शेगडीच्या वर दोन दिवस टांगलं. त्या दोन दिवसांत घरातली भाजी, चहा, सगळं मेंढराच्या वासाचं झालं. कुणी नाव काढलं नाही.

कनीजला ते गाठोडं दाखवताना चंद्रप्रभाला मान वर करवेना. कनीजनं बघितलं. अम्मा, म्हणाली, आमच्याकडं पूस-माघात चिंचोक्याला कोणी हात लावत नाही, पातळ पेज लावतो, चुलीपाशी. मला विचारायचं तरी. मग तिनं ताण्यावर हात फिरवला, आणि लहान होईल, अरुंद, पण होईल, असं म्हणून मागाला चढवायला घेतला. एक-एक धागा फणीतनं ओवायचा. दोघी समोरासमोर बसल्या. अख्खा दिवस त्यात गेला. संध्याकाळी कनीज खड्ड्यात उतरली आणि वीतभर विणून दाखवलं. काळं, मऊ, सरळ काठाचं. चंद्रप्रभानं त्याच्यावर तळहात ठेवला आणि तसाच ठेवून बसली.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मैदानात पोचली तर कनीज खड्ड्यात नव्हती. भिंतीकडेला खुंट्या ठोकून दरीचं जाड सुती सूत ताणत होती, घाईघाईनं. शेजारी सुचित्रा उभी होती. पोरीला कॉलेजला सोडून ती सरळ इकडं आली होती, आणि तिचं तोंड उतरलं होतं.

झालं असं होतं. सुचित्रानं कनीजच्या मागाचा फोटो ग्रुपवर टाकला होता. खाली लिहिलं होतं, ह्या आपा किती मेहनत करतात बघा, सगळ्यांनी सपोर्ट करा. बायकांना तो फोटो इतका आवडला की त्यांनी काल रात्रीच मिळून आसनांची ऑर्डर दिली. प्रत्येकीच्या देवघरासाठी एक, सगळी एका रंगाची, आणि बाजार उठायच्या आत. कुणाच्या तरी नवऱ्यानं आगाऊ रक्कमही पाठवली. ह्या अख्ख्या धुक्याच्या महिन्यात कनीजचं विकलं गेलं होतं ते असंतसंच.

आणि मागावर चढलेला होता चंद्रप्रभाचा ताणा. एका मागावर एकच ताणा असतो.

"मैं रात भर सोचती रही अम्मा," कनीज म्हणाली. तिनं चंद्रप्रभाकडं बघितलं नाही, खुंटीकडंच बघत होती. "मना कर दूँ तो ये सब फिर कभी न पूछें."

"मना मत कर," चंद्रप्रभा म्हणाली लगेच.

सुचित्रा म्हणाली, मी सांगते बायकांना, थांबा म्हणून. चंद्रप्रभानं तिच्या दंडाला धरलं. गप बस, म्हणाली. हिचं पोट आहे ते.

कनीजनं मग जे होतं ते सांगितलं. दरीचा ताणा तयार व्हायला संध्याकाळ होईल. तोवर माग मोकळा आहे, पण मी मोकळी नाही. संध्याकाळी मला तुझा ताणा कापून काढावाच लागेल, जेवढं विणलं असेल तेवढं तुझं. कुणी विणलं तर. आणि तिनं खड्ड्याकडं नुसती हनुवटी केली.

चंद्रप्रभाला कळलं. ती मागाजवळ गेली, उभी राहिली. खड्ड्यात खाली अंधार होता, दोन पावड्या दिसत होत्या, कनीजच्या पायानं गुळगुळीत झालेल्या. बाजूला सांडलेली शेंगांची फोलपटं.

"आत्या, मी बसू?" सुचित्रा म्हणाली. "मला सांगा कसं करायचं."

"मला तरी कुठं येतंय," चंद्रप्रभा म्हणाली.

तिनं लुगड्याचा काष्टा आवळला. चपला काढल्या. माणसानं विहिरीत उतरावं तसा आधी एक पाय सोडला, तो हवेत लोंबला. मग कडेवर बसली आणि दुसरा सोडला. पावड्या लांब होत्या, कनीज उंच बाई. चंद्रप्रभाला अंगठ्यानं ताणून दाबावं लागत होतं. खालनं गार माती गुडघ्यांना लागली. आजी आठवली, गोमूत्र आठवलं, आणि मग धोटा हातात आला आणि काही आठवायला सवड उरली नाही.

पहिल्या फेकीला धोटा अर्ध्यातच अडकला. दुसऱ्या फेकीला पलीकडनं बाहेर पडला आणि कनीजनं गावाहून आणलेल्या कोंबडीच्या पिंजऱ्यापाशी गेला. पाय चुकीची पावडी दाबायचे. फणी ठोकली तर एक बाजू घट्ट, दुसरी सैल. कनीज तिकडनं सूत ताणता ताणता सांगायची, बायाँ, अम्मा, अब बायाँ. चंद्रप्रभाच्या पाठीत कळ उठली. धागे तुटत होते, हीटरनं करपलेले. तेवढं मात्र तिला येत होतं. तुटलेलं टोक थुंकी लावून पिळायची आणि चिमटीत असं जोडायची की गाठ दिसू नये. तुटलं, जोडलं. तुटलं, जोडलं.

बोटभर झालं. मग चार बोटं. काठ वेडावाकडा, पाण्यात काठी वाकडी दिसते तसा. दुपार कलली. सुचित्रा घरनं डबा घेऊन आली, तो तसाच राहिला. जाणारी-येणारी थांबायची. एका बाईनं वाकून विचारलं, अम्माजी, हे कितीला, मला छोट्या लोकांकडूनच घ्यायचंय. कनीजनं तिकडनंच सांगितलं, ई बिकाऊ नाहीं, इधर दरी देखो.

हळूहळू हातापायांचं जमायला लागलं. खट, धप. दर खेपेला नाही, पण तीन-चारदा लागोपाठ. चंद्रप्रभानं तेव्हा पहिल्यांदा मान जरा वर केली.

आणि तिला माणसं दिसेनात. दिसले ते पाय.

खड्ड्यात बसलं की डोळे जमिनीपासनं हातभर वर. ताडपत्री खाली लोंबलेली, गावाकडं मागावरचं छप्पर असायचं तशी. त्यामुळं बाजार म्हणजे नुसते पाय. बूट, मळलेले मोजे, कुणाच्या तरी नखांचा लाल रंग, एका म्हाताऱ्याची काठी आणि तिच्यामागं पडणारा डावा पाय. सगळे धुक्यातनं यायचे आणि धुक्यात जायचे. त्यांत दोन पाय थेट तिच्याकडं आले आणि मागापुढं थांबले. सँडल, पायांत जोडवी. टाचा उभ्या फाटलेल्या, भेगांत काळं बसलेलं.

"सुचे," चंद्रप्रभा म्हणाली, "टाचा किती फुटल्यात गं तुझ्या."

सुचित्रानं पाय मागं घेतले. थंडीत सगळ्यांच्याच फुटतात आत्या, म्हणाली. घरात मोजे घालत नाही मी.

चंद्रप्रभाचे हात फणीवर थांबले.

बाबुराव तिला हेच म्हणायचा. लग्न झाल्यापासनं. ती चहा घेऊन मागाजवळ जायची, वाट बघत उभी राहायची, की हा मान वर करील, दोन शब्द बोलेल. नवी नवरी होती तेव्हा डोक्यात अबोली माळून जायची. पोरगं झालं तेव्हा ते कडेवर घेऊन जायची. तो मान वर करायचा नाही. एवढंच म्हणायचा, टाचा फुटल्यात, मेण लाव. किंवा, काटा मोडलाय का, लंगडतीस. तिला संताप यायचा. जन्म काढला पण ह्या माणसानं माझं तोंड कधी बघितलं नाही, असं ती बहिणीजवळ रडली होती. तो गेला त्या दिवशीसुद्धा हे मनात आलं होतं.

आता ती त्याच्या जागेवर बसली होती आणि इथनं तोंड दिसतच नव्हतं.

एवढंच दिसत होतं आणि तेवढं त्यानं रोज बघितलं होतं. कधी भेग पडली, कधी काटा रुतला, कधी चाल जड झाली, ते तिच्या आधी त्याला कळायचं. रणजितच्या वेळेला दिवस गेलेत हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. तेव्हा हाच म्हणाला होता, पाय सुजलेत, बस जरा. तिनं त्याला उलट उत्तर दिलं होतं. काय ते आठवत नव्हतं, पण दिलं होतं.

"आत्या? काय झालं?" सुचित्रा खाली वाकली. तिचं तोंड आलं, उलटं, ओढणी लोंबलेली.

"काय न्हाई. धागा तुटला." आणि धागा तुटलेला नव्हता.

तिनं परत विणायला घेतलं. एक फेर, दुसरा. ती आता मुद्दाम बघत होती, कोण येतं, कसं येतं. रणजितही आला, ड्यूटी संपवून. मिलिटरीचे काळे बूट मागाच्या अगदी कडेला येऊन उभे राहिले आणि बराच वेळ हलले नाहीत. उजव्या बुटाची नाडी सुटली होती. ते तिनं सांगितलं नाही. बूट जरा मागं सरले, परत पुढं आले.

"आई," वरनं त्याचा आवाज आला, फाटका. "मला दाखव ना. कसं धरायचं."

"आता न्हाई बाळा. येळ न्हाई आता," ती म्हणाली. "तू तितंच उभा ऱ्हा."

उजेड गेला. कनीजनं दरीचं सूत गुंडाळून आणलं आणि कात्री घेऊन मागापाशी येऊन बसली. काळं विणलेलं हातभर झालं होतं, जेमतेम. खांद्यावर टाकलं तर पाठ झाकायची नाही. मागं ताणा तसाच लांबच्या लांब पडला होता, न विणलेला.

"काटूँ, अम्मा?" तिनं हळूच विचारलं.

चंद्रप्रभाचा डोळा ताडपत्रीखालच्या त्या फटीवर होता, बाबुरावचा असायचा तसा. दिवसाचा बाजार उठत होता. लांबनं कुणीतरी अनवाणी येत होतं, जड, थकलेलं, डाव्या पायावर भार देत.

"थांब," ती म्हणाली. "एवढं माणूस जाऊ दे."